झाकणामागच्या चिठ्ठ्या

माझा मामा शिलाई मशीनं दुरुस्त करतो. एवढं सांगितलं की लोक "अच्छा" म्हणतात आणि दुसऱ्या विषयाकडे वळतात. म्हणून मी हल्ली सुरुवात त्याच्या चिठ्ठ्यांपासून करते.

मशीन दुरुस्त झालं तरी मामा ते लगेच मिटत नाही. आधी खिशातून वहीच्या पानाची बोटभर रुंद पट्टी काढतो. तिच्यावर पेन्सिलीने तारीख घालतो, काय बिघडलं होतं आणि काय केलं ते दोन ओळींत लिहितो आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवतो. "टाका सुटत होता. हूक घासून दिला. सुई सोळा नंबरचीच लावावी." खाली नाव नाही, सही नाही. शिंपी कधी झाकण उघडत नाहीत. पुढच्या वेळी ते उघडणारा बहुतेक मामाच असतो.

"मग लिहितोस कुणासाठी?" मी एकदा विचारलं होतं.

"उद्या मी नसलो आणि दुसऱ्या कुणी उघडलं तर? त्या बिचाऱ्याने अंधारात चाचपडायचं का?"

गिऱ्हाइकाच्या तोंडावर "तुमच्या हातामुळे बिघडलं" असं तो कधीही म्हणत नाही. पण चिठ्ठीत खोटंही लिहीत नाही. एका जुन्या मशीनमध्ये मी स्वतः वाचलेली चिठ्ठी अशी होती: "मशीन ठणठणीत. बाईंना चष्म्याची गरज." त्या बाईंना त्याने तोंडाने एवढंच सांगितलं होतं, "मशीन खिडकीजवळ ठेवून बघा."

शिंप्यांच्या गल्लीत त्याला सगळे 'वंगण' म्हणतात. अंगाला कायम मशीनच्या तेलाचा वास, आणि कुठेही दोन माणसं एकमेकांवर घासायला लागली की हा मध्ये जाऊन उभा राहतो, म्हणून.

तीस वर्षं मामाने स्कूटर चालवली आणि मामी मागे बसली. मांडीवर दुरुस्तीला आणलेलं मशीनचं डोकं. बारा-तेरा किलोचं लोखंड असतं ते. "पोटच्या पोरीपेक्षा माझ्या मांडीवर लोकांची मशीनंच जास्त बसली," असं मामी म्हणते. मग दोन वर्षांपूर्वी जाड कापडात एक सुई मोडली आणि तिचा तुकडा उडून मामाच्या डाव्या डोळ्यात गेला. डोळा वाचला, पण नजर अर्धीच राहिली. डॉक्टरांनी त्याला गाडी चालवायची नाही असं निक्षून सांगितलं. स्कूटर विकली.

मामा पंधरा दिवस घरात बसून राहिला. सोळाव्या दिवशी मामी सकाळी साडीला पिन लावून बाहेर पडली आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून आली. वय सत्तावन्न.

"मागे बसून रस्ते पाठ झालेत सगळे," ती म्हणाली. "आता फक्त पुढे सरकायचंय."

शिकवणाऱ्याने तिसऱ्याच दिवशी विचारलं, "बाई, तुम्ही आधी काय चालवत होतात? क्लचवर पाय इतका हलका कसा?"

"पायाचं शिलाई मशीन," मामी म्हणाली. "चाळीस वर्षं."

परीक्षेत ती पहिल्या फटक्यात पास झाली. गाडी तिच्याच नावावर घेतली. कोरी करकरीत, पांढरी, लहानशी. मागची सीट पाडली की दोन मशीनं आडवी मावतात, हे मामाने दुकानात टेप लावून मोजलं होतं. पहिल्या महिन्यात दोघं सगळ्या गल्ल्या फिरून आले. मामी गाडी चालवायची आणि मामा शेजारी बसून, कुणी विचारलेलं नसताना, "उजवीकडे, उजवीकडे" करायचा. मामी म्हणायची, "तीस वर्षं मी मागे गप्प बसले होते की नाही? मग?"

नंतर एका दुपारी मोठ्या चौकात, सिग्नल हिरवा होत असतानाच गाडी बंद पडली. पाठीमागे हॉर्नचा कल्ला. एक मोटारसायकलवाला काचेला टकटक करून म्हणाला, "काकू, घरी बसा ना." दहा मिनिटांनी गाडी काहीच न झाल्यासारखी चालू झाली.

सर्व्हिस सेंटरमध्ये पांढऱ्या शर्टातल्या मुलीने गाडीला कॉम्प्युटर जोडला. स्क्रीनवर सगळं हिरवं. जॉबकार्डावर शिक्का बसला: तपासले, दोष आढळला नाही. "नवीनच शिकलात ना मॅडम? सुरुवातीला होतं असं," ती अगदी गोड आवाजात म्हणाली. चिडावं तर तेही जमू नये इतक्या गोड.

तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. पुन्हा शिक्का. त्यानंतर चढावर, ट्रकच्या पुढे. पुन्हा शिक्का. साडेतीन महिन्यांत तीन जॉबकार्डं आणि तिन्हींवर एकच ओळ.

मी त्या वेळी दुसऱ्या शहरात होते. विजेचे मीटर तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते मी. सुट्टीत आले तेव्हा दाराजवळच्या खिळ्यावर गाडीची किल्ली दिसली नाही. मग लक्षात आलं, किल्ली होती, पण तिच्यावर बाजाराच्या दोन पिशव्या अडकवलेल्या होत्या.

"मामी, गाडी?"

"खाली उभी आहे. मला काही जमत नाही ती," मामी भांडी पुसत म्हणाली. "कुणाला जमतं, कुणाला नाही. बस आहे की. कंडक्टर मशीन ठेवू देतो पायाशी."

आवाजात रडारड नव्हती. ज्या आवाजात ती "डाळ संपलीय" म्हणते, त्याच आवाजात म्हणाली. मी मामाकडे बघितलं. तो खिडकीपाशी बसून एकाच स्क्रूवर फडकं फिरवत होता. स्क्रू केव्हाच चकचकीत झाला होता.

जेवण झाल्यावर मी गाडीची फाइल मागून घेतली. सवयच आहे, माहितीपुस्तिका दिसली की मी ती वाचतेच. शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात नव्या गाडीच्या कायद्याचा सारांश होता. तो मी मोठ्याने वाचून दाखवला. नवी गाडी घेतल्यापासून वर्षाच्या आत, जिवाला धोका होईल असा एकच दोष पुन्हा पुन्हा आला आणि तीन वेळा संधी देऊनही विकणाऱ्याला तो काढता आला नाही, तर गाडी बदलून मागता येते. आणि पहिल्या सहा महिन्यांत ग्राहक मंडळाकडे अर्ज केला, तर दोष गाडीत मुळातच होता असं धरायचं. तो नव्हता हे सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्याची.

"म्हणजे आपण बरोबर!" मी म्हटलं. "फक्त सहा महिने संपायला आता बारा दिवस राहिलेत."

"दोष सापडला तर ना," मामी म्हणाली. "तीन कागदांवर लिहिलंय, दोष नाही. म्हणजे माझ्यातच आहे."

मामाच्या हातातला स्क्रू खाली पडला आणि कपाटाखाली गेला. तो शोधायला मामा जो वाकला तो बराच वेळ वर आला नाही.

तक्रारीच्या अर्जात गाडीचा क्रमांक लिहायचा होता. फाइलमधली प्रत पुसट होती म्हणून मी मामीला घेऊन खाली गेले. क्रमांक दाराच्या चौकटीवर मिळाला. पण आलेच आहे तर फ्यूजही बघावेत म्हणून मी स्टिअरिंगखालचं छोटं झाकण काढलं.

झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठ्या होत्या. बोटभर रुंद. सात.

मामीने माझ्या हातातून झाकण घेतलं. चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाचायला लागली. पहिली हळू आवाजात, मग मोठ्याने.

"इंजिन तापल्यावर बंद पडते. मागच्या बाजूच्या सेन्सरचा जोड सैल. मेणाच्या दोऱ्याने बांधला." मग तारीख. दुसरी चिठ्ठी: "दोरा उष्णतेने ढिला. पुन्हा बांधला." तिसरी, चौथी तशाच. सातवी सगळ्यांत लहान होती. मामी त्या चिठ्ठीपाशी थांबली.

मी वाकून वाचलं. "जोड मुळातच नीट बसत नाही. चालवणारीचा दोष नाही."

मामी गाडीच्या सीटवर तशीच बसून राहिली, एक पाय बाहेर. मला वाटलं आता रडणार. ती म्हणाली, "या माणसाला मी आज सोडत नाही."

आम्ही वर आलो तेव्हा मामा चहा करत होता. एरवी तो चहा करत नाही. अपराधाचा चहा होता तो.

"अहो," मामी म्हणाली आणि झाकण ओट्यावर ठेवलं.

मामाने झाकणाकडे बघितलं, मग गॅसकडे. "साखर किती?"

"दोन महिने मी खिळ्यावर पिशव्या अडकवतेय. दोन महिने! चौकातून बसने जाताना मान खाली घालते. आणि तुम्ही गाडीच्या पोटात लिहून ठेवता, चालवणारीचा दोष नाही? गाडीला सांगितलंत! मला सांगायला काय जीभ झडली होती?"

"मला वाटलं," मामा म्हणाला, "गाडी खराब आहे हे कळलं तर तू घाबरशील. म्हटलं, गुपचूप नीट करू. बंद पडायची थांबली की तू विसरशील."

"थांबली?"

"नाही."

"मग?"

"मग पुन्हा बांधला."

मी मध्ये तोंड घातलं. "मामा, हात घालायच्या आधी तू बॅटरीची तार काढायचास का?"

"म्हणजे काय! चालू विजेत कोण हात घालतं? मशीनचा प्लग काढल्याशिवाय मी झाकणाला बोट लावत नाही."

इथे मला हसू आवरेना. गाडी बंद पडली की तिचा कॉम्प्युटर ती चूक आठवणीत ठेवतो. काही गाड्यांत बॅटरीची तार काढली की ती आठवण पुसली जाते. ही त्यांतलीच. आणि मामा दर वेळी गाडी सर्व्हिस सेंटरला जाण्याच्या आदल्या सकाळी, शिवाय मधूनमधूनही, मामी अंघोळीला गेली की खाली उतरून, तार काढून, जोड नीट बांधून ठेवत होता. खराब वस्तू दुसऱ्याच्या दारात कशी न्यायची, हा त्याचा जन्माचा संकोच. म्हणजे तिथे पोचेपर्यंत गाडीला ना दोष उरलेला, ना दोषाची आठवण. त्या गोड मुलीचा शिक्का खराच होता.

हे मी समजावून सांगितलं तेव्हा मामा खुर्चीवर बसला. "म्हणजे तुला खोटं मीच पाडलं," तो मामीला म्हणाला.

मामीने उतू जाणारा चहा उतरवला. पहिला कप त्याच्यापुढे ठेवला. "प्या. आणि आता मला तो दोरा काढून द्या."

ग्राहक मंडळाच्या सल्लागार बाईंनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि पेनचं टोपण दोनदा लावलं, दोनदा काढलं. "तुमच्या चिठ्ठ्या दुधारी आहेत," त्या म्हणाल्या. "दोष सात वेळा आला हे त्यांतून दिसतं. पण कंपनी म्हणेल, यांनीच हात घातला म्हणून आला."

"पहिल्यांदा बंद पडली तेव्हा माझा हात लागला नव्हता," मामा म्हणाला.

"तेच दाखवावं लागेल. पहिल्या जॉबकार्डाची तारीख काय आणि पहिल्या चिठ्ठीची काय?"

मी दोन्ही काढून दिल्या. चौकात गाडी बंद पडल्याची मामीची फोनवरची तक्रार जॉबकार्डावर मंगळवारची होती. पहिली चिठ्ठी बुधवार सकाळची. गाडी गुरुवारी गेली होती. बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि पहिल्यांदाच हसल्या.

अर्ज मुदतीत गेला. मंडळाने त्रयस्थ परीक्षक नेमला. त्याच्यासमोर गाडी चालवून बघायची, कंपनीचा माणूस हजर राहणार. एक अट सल्लागार बाईंनी मामाला बोट दाखवून सांगितली: दोरा काढलेला, सगळं कारखान्यातून आलं तसं, आणि त्या दिवसापर्यंत कुणी हात लावायचा नाही.

ते दहा दिवस मामाला फार जड गेले. सैल आहे हे माहीत असलेली वस्तू तशीच ठेवणं त्याने आयुष्यात केलं नव्हतं. जेवताना एकदम म्हणायचा, "थोडासा दाबून बसवला तर?" मामी म्हणायची, "भात घ्या." एकदा मी त्याला खाली बोनेटवर नुसता तळहात ठेवून उभा असलेला पाहिला, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा.

परीक्षेच्या सकाळी मामीने दारातच त्याचे खिसे तपासले. एक पक्कड निघाली, एक चिमटा, मेणाच्या दोऱ्याचं रीळ, आणि शर्टाच्या आतल्या खिशातून अजून एक रीळ.

"हे कशाला?"

"असू दे म्हटलं."

"तिथे काय परीक्षकाचं बटण लावणार आहात?"

सगळं टेबलावर ठेवून दोघं निघाली. मी परीक्षकाबरोबर मागे बसले. कंपनीचा माणूस कुणाला जवळ फिरकू न देता स्वतः जोड बघून आला होता आणि आता माझ्या शेजारी वही घेऊन बसला होता. चौघं, दोन वह्या आणि मामा, असे आम्ही गाडीत कोंबलेलो. मामा पुढे. त्याने सीटबेल्ट लावला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

मामीने आरसा नीट केला. दोन महिन्यांहून जास्त काळाने ती गाडी चालवायला त्या सीटवर बसत होती. तिची मान मागून दिसत होती, अगदी ताठ.

वीस मिनिटं काहीच झालं नाही. अर्ध्या तासाने कंपनीच्या माणसाने घड्याळ बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी वस्तू बिघडावी म्हणून देवाला सांगत होते. मामा समोर बघत होता, पण त्याचे खांदे गाडीचा आवाज ऐकत होते.

"आता," तो पुटपुटला.

आणि पुलाच्या उतारावर इंजिन थांबलं.

मामीने ओरडा केला नाही. डावीकडे बघितलं, धोक्याचे दिवे लावले, उतारावरच गाडी अलगद कडेला नेली आणि हँडब्रेक ओढला. मागचे दोन-तीन हॉर्न वाजवून पुढे गेले.

"क्लच सोडताना झटका बसला बहुतेक," कंपनीचा माणूस म्हणाला.

परीक्षक पुढे वाकला. "गाडी चौथ्या गिअरमध्ये, सरळ चालली होती. बाईंचा पाय क्लचवर नव्हताच. मी पायच बघत होतो." मग मामीला म्हणाला, "फार छान बाजूला घेतलीत."

मामीचे हात स्टिअरिंगवरच होते. ती वळली, पण परीक्षकाकडे नाही, मामाकडे. "बघितलंत?" ती म्हणाली. "मी काहीच केलं नाही."

"नाही," मामा म्हणाला. "तू काहीच केलं नाहीस." त्याने मांडीखालचे हात काढले तेव्हा बोटं पांढरी पडली होती. मामीने त्यांतला एक हात धरला आणि चोळायला लागली. मागे तिघं बसलेत याचं तिला भान नव्हतं. कंपनीचा माणूस खिडकीबाहेर बघत राहिला. चांगला माणूस होता तो तसा.

दोन महिन्यांनी निकाल आला. गाडी बदलून द्यावी. निकालपत्रात शेवटी एक ओळ मामासाठी होती: तक्रारदाराच्या पतीने वाहनात परस्पर दुरुस्ती करणे अयोग्य होते, यापुढे त्यांनी तसे करू नये. मामाने ती चार वेळा वाचली. "माझं नाव सरकारी कागदावर आलं नाही ते बरं झालं," तो म्हणाला, "पण पती म्हणून आलोय."

नवी गाडीही पांढरीच आहे. खिळ्यावर आता नुसती किल्ली असते, पिशव्या दुसऱ्या खिळ्यावर गेल्यात. गल्लीतले शिंपी मशीन द्यायला बाहेर येतात तेव्हा मामी इंजिन बंद करत नाही, काच खाली करून "लवकर, लवकर" म्हणते.

मामाने तीन आठवडे दम धरला. मग एका सकाळी, मामी अंघोळीला गेल्यावर, तो खाली उतरला. फक्त बघायला, असं त्याने मला शपथेवर सांगितलं. स्टिअरिंगखालचं झाकण त्याने नखाने उचकटलं.

आत एक चिठ्ठी आधीच चिकटवलेली होती. बोटभर रुंद, पेन्सिलीने, पण अक्षर मामीचं. वर तारीख, गाडी घरी आली त्या दिवसाची.

"गाडी ठीक. चालवणारी ठीक. उघडणाऱ्याने वर येऊन चहा प्यावा."

मामाने झाकण बसवलं आणि वर गेला.